दीड अंशाच्या बाहेर

टोटल स्टेशनच्या, म्हणजे जमीन मोजायच्या आमच्या मशीनच्या, दुर्बिणीतून दिसणारं जग दीड अंशाचं असतं. शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर ती रोखली, तर जेमतेम अडीच मीटर रुंदीची जागा तिच्यात मावते. मशीनचा किरण परत पाठवणारा काचेचा प्रिझम दिसतो, त्याचा पोल धरलेली मूठ दिसते, शर्टाचं बटण तुटलेलं असेल तर तेही दिसतं, कारण सगळं तीसपट जवळ येतं. बाकीचं मात्र नाहीसं होतं. त्या माणसामागून येणारा ट्रक दिसलाच, तर थेट त्याच्या खांद्याला लागून असल्यासारखा दिसतो. तो खरोखर किती लांब आहे, याचा काही अंदाज लागत नाही. आपल्या पाठीमागून काय येतंय ते कानांवर सोपवलेलं. एक डोळा मिटलेला, दुसरा काचेला टेकलेला, कंबर वाकलेली, आणि दोन पावलांवर राष्ट्रीय महामार्ग. एकेक वाचन घेण्याच्या त्या दहा-पंधरा सेकंदांत आमचा माणूस रस्त्यावर आंधळा असतो, आणि हे दिवसभर चालू असतं.

मी बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जमिनी मोजतो. हद्दबस्त म्हणजे हद्द कायम करणं, पोडी म्हणजे सर्वे नंबरची फोड, 11ई स्केच म्हणजे जमिनीचा तुकडा विकण्याआधी काढायचा नकाशा, कधी बिगरशेतीचे प्लॉट, कधी रुंदीकरणासाठी रस्त्याच्या छेदांची मापं. लोकांच्या डोळ्यासमोर मोजणीवाला येतो तो शेतात, बांधावर, हातात नकाशा घेतलेला. निम्मं काम तसंच असतं. पण ज्या मोजणीसाठी माणूस खिशात हात घालतो आणि सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो, ती रस्त्याकडच्या जमिनीची. आतल्या शेताचा बांध हातभर इकडं-तिकडं झाला तर दोन घरांत कुरबूर होते. रस्त्याकडच्या हातभर जागेसाठी लोक कोर्टात जातात. म्हणून जिथं वर्दळ जास्त, तिथंच आम्हाला बोलावणं जास्त. या धंद्यात येणाऱ्या पोरांना ही गोष्ट कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

आम्ही रस्त्याच्या इतके जवळ का जातो, याचं उत्तर जुन्या कागदांत आहे. आमच्याकडची मूळ मोजणी मुंबई इलाख्यातली. 1830 च्या दशकात इंदापूरकडं जी सर्वे सेटलमेंटची, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याची, पद्धत बसली, ती पुढं इकडंही आली. 1956 साली हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, कार्यालयांची भाषा बदलली, पण जमिनीचा पाया तीच टिप्पणं, म्हणजे त्या मोजणीच्या वेळी मापं टाकून काढलेली रेखाटनं, राहिली. त्यांवरची मापं साखळीत आहेत. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक आणा म्हणजे 2 फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. हे हिशेब आजही आमच्या बोटांवर आहेत.

त्या कागदांवर आजचे कितीतरी मोठे रस्ते गाडीवाट म्हणून दिसतात. दोन्ही अंगांच्या सर्वे नंबरांचे हद्दीचे दगड वाटेच्या कडेला रोवलेले, आणि काही ठिकाणी तर गावाची शीवच वाटेच्या मधून गेलेली. ज्यांनी ते दगड रोवले त्यांच्या अंगावर फार तर एखादी बैलगाडी आली असेल. मग वाट रुंद झाली, खडी आली, डांबर आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता चौपदरी झाला. दगड काही उखडले, काही भरावात गेले. कागद म्हणतो दगड इथं असला पाहिजे, आणि ‘इथं’ म्हणजे आज साईडपट्टीत, मोरीच्या कठड्यालगत, नाहीतर डांबराच्या कडेखाली. तो शोधायचा तर पहार आणि कुदळ घेऊन वाकायलाच लागतं. पहार मातीत धप्पकन जाते आणि दगडावर ठण्णकन वाजते. त्या ठण्ण आवाजासाठी चार-पाच माणसं खाली कान लावून उभी असतात: सर्वेअर, हेल्पर, जमीनमालक, शेजारचा हद्दीदार, एखादा म्हातारा ज्यानं लहानपणी तो दगड पाहिलेला असतो. सगळ्यांच्या पाठी रस्त्याकडं, आणि हॉर्नकडं एकाचंही ध्यान नसतं.

एका आण्याचा फरक काढायला, म्हणजे दोन फुटांसाठी, ही सगळी माणसं तिथं उभी असतात. मी त्या दोन फुटांना कमी लेखत नाही. ते कुणाचं तरी दुकानाचं शटर असतं, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा आधार असतो. पण मोजणी पुढच्या आठवड्यात परत करता येते, म्हणून कुठल्याही हद्दीपायी घाईनं रस्त्यात पाऊल टाकणं मला पटत नाही.

मशीन पाहणाऱ्यापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती प्रिझम धरणाऱ्याची. मशीन कुठं लावायचं हे सर्वेअर ठरवतो. थोडी अक्कल चालवली तर ते रस्त्यापासून लांब, एखाद्या उंचवट्यावर, शाळेच्या आवारात, कालव्याच्या भरावावर लावता येतं. प्रिझमला ती मोकळीक नसते. जो बिंदू मोजायचा, त्याच बिंदूवर त्याला उभं राहायचं असतं. रस्त्याचा मध्य हवा तर मध्यावर, डांबराची कड हवी तर कडेवर. आणि तिथं उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा रोजंदारीवरचा असतो. नकाशावर सही सर्वेअरची, शिक्का सर्वेअरचा. ज्याच्या अंगाजवळून गाड्या गेल्या त्याचं नाव त्या कागदावर कुठंच नसतं.

त्यातही एक काम असं आहे की ते करताना माझा हात जड होतो. रेषेत घेण्याचं. दोन खुणांच्या मधली तिसरी खूण जमिनीवर लावायची असते तेव्हा सर्वेअर दुर्बिणीतून पाहत हातानं इशारा करतो, डावीकडं, अजून डावीकडं, थोडं उजवीकडं, बस्स. समोरचा माणूस त्या हाताकडं टक लावून पाहत एकेक पाऊल आडवं टाकत जातो. रस्त्याकडं तो पाहत नाही, पाहूच शकत नाही, कारण नजर हलली तर इशारा चुकतो. म्हणजे माझा हात जिकडं हलेल तिकडं एक माणूस जातो, आणि मी मात्र दीड अंशात अडकलेला. बरोबरचे आमचे मामा, नंदगडकडचे, वयानं माझ्यापेक्षा मोठे, बरीच वर्षं हे काम करतात. त्यांनी एकदा जेवताना सरळ सांगितलं, “सर, तुम्ही हात केला की मी मागं-पुढं बघत नाही. तुम्ही बघितलं असणारच म्हणून पाऊल टाकतो.” मामा तक्रार म्हणून बोलले नव्हते, विश्वासानं बोलले होते. त्या वाक्यानंतर मला या कामाचा सगळा हिशेबच वेगळा दिसायला लागला. मी पाहिलेलं नसतं. मला पाहता येतच नाही. मग कुणीतरी तिसऱ्यानं पाहिलं पाहिजे, आणि त्याच्याकडं त्या वेळी दुसरं कुठलंही काम नसलं पाहिजे.

इतकं साधं आहे ते. मशीनवर एक, प्रिझमवर एक, आणि रस्त्याकडं तोंड करून उभा असलेला एक. तिसऱ्याच्या हातात लाल झेंडी, गळ्यात शिट्टी. त्यानं नकाशा बघायचा नाही, खुंटी ठोकायची नाही, चहा आणायला जायचं नाही, मोबाईल तर नाहीच. लांब शिट्टी वाजली की असतील तसे सगळ्यांनी रस्त्यापासून बाहेर यायचं. पोल हातात असेल तर टाकून यायचं. पोल परत मिळतो. दुभाजक असलेल्या रस्त्यावर मधोमध काम असेल तर गाड्या दोन्ही अंगांनी येतात, तिथं पाहणारे दोन लागतात.

यावर लगेच कुणीतरी म्हणतो, चालकाला दिसतंय की, जाकीट घातलंय, शंकू ठेवलाय, तो थांबेल. थांबायला किती जागा लागते ते बघू. ताशी 80 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. रस्त्यांची प्रमाणं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या प्रमाणांत चालकाला समोरचं दिसून, उमजून, पाय ब्रेकवर जायला अडीच सेकंद धरलेत. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच 55 मीटर संपले. थांबेपर्यंतचं सगळं अंतर त्या वेगाला 120 मीटर धरतात, आणि 100 च्या वेगाला 180. आता मशीनच्या पुढं दहा मीटरवर आपण जो एकुलता शंकू ठेवतो, तो 80 च्या वेगानं येणाऱ्याला अर्ध्या सेकंदाचीसुद्धा सूचना देत नाही. तो शंकू आपल्याच मनाच्या समाधानासाठी असतो. शिवाय ही प्रमाणं बऱ्या रस्त्याची आणि बऱ्या ब्रेकची आहेत. ओल्या डांबरावर, तवंदी घाटाच्या उतारावर, उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ती लागू होत नाहीत.

उसाचं वेगळं सांगायला हवं, कारण आमच्या भागात वाहतुकीचं रूप हंगामाप्रमाणं बदलतं. गळीत सुरू झालं की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरची रीघ लागते. ट्रॉली जेवढी रुंद, त्याच्या बाहेर दोन्ही अंगांनी उसाची टोकं आलेली. चालकाला पुढची चाकं कुठं आहेत ते नेमकं ठाऊक असतं. मागच्या ट्रॉलीतला ऊस साईडपट्टीवर किती आत लोंबतोय हे त्याला दिसतही नाही. कडेला उभ्या माणसाला ट्रॅक्टर सुखरूप गेल्यासारखा वाटतो आणि तो पुढं सरकतो, तोवर मागची ट्रॉली येते. मोजणीवाल्यानं त्या दिवसांत डांबराच्या कडेपासून धरायचं अंतर गाडीच्या चाकापासून मोजू नये, मालापासून मोजावं. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो आणि मागं धड दिवाही नसतो. म्हणून हंगामात त्या रस्त्यांवर सूर्य कलला की काम बंद, हा आमचा नियम आहे.

पहाटेचं दुसरं. बेळगावची भाजी गोव्याला जाते. जांबोटी-चोर्ल्याच्या रस्त्यानं पहाटे पिकअप गाड्या धावतात, बाजार गाठायची घाई असते, वळणं दाट आणि डिसेंबर-जानेवारीत धुकं. ऊन चढायच्या आत काम उरकावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण त्या रस्त्यावर धुकं विरेपर्यंत मशीन पेटीतून काढू नये. सांबरा-नेसरगीकडं जाणारा बागलकोट रस्ता पूर्वेला जातो, म्हणून सकाळी बेळगावहून निघालेल्या चालकाच्या थेट डोळ्यावर ऊन असतं. हिंडलगा-सुळग्याकडून शिनोळीला जाणाऱ्या वेंगुर्ला रस्त्यावर तेच संध्याकाळी. त्या उन्हात उभा असलेला माणूस, कितीही भडक जाकीट घातलं तरी, चालकाला निव्वळ काळी सावली दिसतो. म्हणून पूर्वेच्या रस्त्यावर बेळगावहून बाहेर जाणाऱ्या बाजूचं काम दुपारी, पश्चिमेच्या रस्त्यावर त्याच बाजूचं सकाळी. याला पैसा लागत नाही, फक्त आदल्या रात्री नकाशा बघून दिवस आखायला लागतो.

जाकिटाविषयी लोक फार कमी विचार करतात. भगव्या किंवा लिंबू रंगाचं ते चमकणारं कापड अतिनील किरणं शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून ढगाळ दिवशी आणि तिन्हीसांजेला ते साध्या कापडापेक्षा उजळ दिसतं. अंधारात त्याचा काही उपयोग नाही. अंधारात काम करते ती चंदेरी पट्टी, तीही गाडीच्या दिव्याचा झोत तिच्यावर पडला तर. ज्याचा एकच दिवा मिणमिणता चालू आहे अशा ट्रॅक्टरपुढं ती पट्टी मुकी असते. धुवून धुवून, मातीत लोळून, पट्टी काळवंडते. मग ते जाकीट घालणं आणि न घालणं सारखंच. रंगाचंही तसंच. खानापूरकडं जांभ्याची तांबडी माती. तिथं खोदकामाच्या ढिगाऱ्याजवळ भगवं जाकीट घातलेला माणूस लांबून मातीत मिसळून जातो, लिंबू रंग उठून दिसतो. निपाणीकडं उसाच्या हिरव्या भिंतीपुढं नेमकं उलट होतं, तिथं भगवा हवा. आमच्या पेटीत दोन्ही असतात. आणि एप्रिलच्या उन्हात जाड कापडाचं जाकीट कुणाच्याही अंगावर टिकत नाही, माणूस घामानं हैराण होतो आणि काढून ठेवतो. त्याला रागावण्यापेक्षा जाळीचं जाकीट आणून द्यावं.

मोजणी चालू आहे म्हटलं की आमच्याकडं गर्दी होते. तिपाई दिसली की येणारा-जाणारा थांबतो. मोटारसायकल डांबरावरच उभी करून, पाय खाली टेकून विचारतो, “काय मोजूलाय ओ? रस्ता वाढूलाय काय?” हा फुकटचा चौकसपणा नसतो. इथल्या माणसानं रस्त्यांसाठी जमिनी गेलेल्या पाहिल्या आहेत. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी पिकाऊ जमीन वाचवायला शेतकरी वर्षानुवर्षं झगडले. ज्याच्या चार एकरांतला दीड एकर रस्त्यानं खाल्ला, त्याला तिपाई दिसली की पोटात गोळा येणारच. एक थांबला की चार थांबतात, आवाज चढतात, बाया शेतातून खुरपी घेऊन वर येतात, आणि सगळा जमाव साईडपट्टीवरून नकळत डांबरावर येतो. बोलण्याच्या भरात माणूस मागं सरकतो, ते रस्त्यात.

अशा वेळी मी काम थांबवतो. “चला, सगळे झाडाखाली येऊन बसा, नकाशा दाखवतो” म्हणून जमाव आधी आत घेतो आणि मगच बोलतो. कुठला नंबर, कुणाचा अर्ज, कशासाठी मोजणी, जे असेल ते खरं सांगतो. अर्धा तास जातो. पण ज्याला नीट सांगितलंय तो माणूस पुन्हा रस्त्यात उभा राहून वाद घालत नाही, उलट इतरांना बाजूला घेतो. रस्त्यावरच्या सुरक्षिततेत शंकू-जाकिटांइतकीच ही गोष्ट मोजायला हवी असं मला मनापासून वाटतं: लोकांना भीती वाटत असेल तर ते रस्त्यात येतात.

रस्त्यावर काम चालू असताना वाहतुकीला कसं वळवायचं, यासाठी रस्ते काँग्रेसची एसपी 55 ही मार्गदर्शिका आहे. तिची मांडणी सोपी आहे: आधी लांबूनच सूचना देणारा पट्टा, मग गाड्या तिरक्या रांगेनं हळूहळू बाजूला घेणारा पट्टा, मग प्रत्यक्ष कामाची जागा, आणि शेवटी वाहतूक पुन्हा मूळ मार्गाला लागण्याची जागा. खोदकाम करणाऱ्या ठेकेदाराकडून निदान कागदोपत्री तरी याची अपेक्षा धरतात. दोन तासांच्या मोजणीला ते कुणी लावत नाही, कारण पाटी मांडायलाच अर्धा तास जाईल असं सगळे म्हणतात. पण चालकाला आत दोन तासांचं काम आहे की दोन महिन्यांचं, हे कळत नसतं. त्याला थांबायला लागणारं अंतर तेवढंच राहतं. आम्ही निदान लांबची पाटी लावतोच, थांबायच्या अंतराच्याही पलीकडं. लाल कडेचा त्रिकोण आणि आत फावडं घेतलेला माणूस. महामार्ग 48 वर, म्हणजे पुणे-बेंगळुरू रस्त्यावर, तमिळनाडूचा ट्रक असतो, राजस्थानचा असतो, केरळचा असतो. त्रिकोण सगळ्यांना वाचता येतो.

गाडी कामाच्या पलीकडं लावायची सवय अनेकांना असते, उतरायला बरं म्हणून. ती येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला, कामाच्या बरीच अलीकडं लावावी, चारही दिवे लुकलुकते ठेवून. आणि गाडीच्या अगदी मागं-पुढं कुणी उभं राहू नये, कारण मागून धडक बसली तर ती गाडीच अंगावर येते.

नवी यंत्रं आली, आता काय काळजी, असंही ऐकू येतं. त्यांचा उपयोग आहेच. प्रिझमशिवाय थेट पृष्ठभागावर किरण टाकून मोजणारी मशीन असेल तर भिंत, खांब, पुलाचा कठडा मोजायला माणूस पाठवायला लागत नाही. पण काळ्या, ओल्या डांबरावर लांबून तिरका किरण टाकला तर तो धड परत येत नाही, आणि आलेलं माप भरवशाचं नसतं. मग शेवटी प्रिझम घेऊन जावंच लागतं. मशीन हव्या त्या सुरक्षित जागी लावून, दोन-तीन ओळखीच्या बिंदूंवरून स्वतःची जागा काढण्याची सोय आता सगळ्यांकडं आहे. रस्त्यातल्याच खुणेवर तिपाई उभी करण्याचा हट्ट त्यामुळं सोडता येतो, तरी जुन्या सवयीनं लोक तिथंच उभी करतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांमुळं, म्हणजे उपग्रहांचे संकेत सतत टिपणाऱ्या कायमच्या केंद्रांमुळं, रोव्हर हे छोटं यंत्र हातात घेऊन एकटा माणूस काही सेंटीमीटरपर्यंत जागा काढू शकतो. पण तो एकटा असतो, आणि मान खाली घालून हातातल्या पडद्याकडं बघत असतो. वडाच्या झाडाखाली उपग्रह मिळेनात तर जास्तच वेळ बघत असतो. ड्रोननं लांबचलांब रस्ता पायही न ठेवता टिपता येतो. मात्र सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, त्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि मातीखालचा दगड ड्रोनलाही दिसत नाही. पहार घेऊन वाकणारा माणूस अजून काही वर्षं तरी लागणारच आहे.

एका दुसऱ्या पथकातला मुलगा आठवतो. वीस-बावीसचा, आयटीआय झालेला, हुशार. तालुक्याच्या एका रस्त्यावर डांबराच्या कडेला पोल धरून उभा होता. पुढचा टेम्पो हळू चाललाय म्हणून एका मोटारसायकलवाल्यानं डावीकडून, साईडपट्टीवरून गाडी काढली. पोरगं मशीनकडं बघत होतं. मांडीचं हाड मोडलं. आम्ही थोड्या अंतरावर काम करत होतो म्हणून धावलो, तेव्हा त्याच्याभोवती माणसं होती पण उचलायला कुणी हात लावत नव्हतं. पोलिसांचं लचांड मागं लागेल ही भीती. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं, जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. हे गावोगाव पोचायला हवं. 108 आणि महामार्गासाठीचा 1033 हे दोन आकडे आमच्या मशीनच्या पेटीच्या झाकणावर रंगवलेले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी काम सुरू करण्याआधी जवळचा किलोमीटरचा दगड कोणता ते मामा मोठ्यानं म्हणतात. फोनवर आपण कुठं आहोत हे सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

पोरगा वाचला. चालायला लागायला बरेच महिने गेले. ज्या एजन्सीनं त्याला रोजावर घेतलं होतं तिनं पहिला दवाखान्याचा खर्च दिला आणि मग फोन उचलणं बंद केलं. कामगारांना नुकसानभरपाई देणारा कायदा आपल्याकडं 1923 साली झाला. पण हजेरीला कागद नाही, पगार हातात, तर तो मुलगा कुणाचा कामगार होता हेच आधी सिद्ध करायला लागतं. बँकेतून वर्षाला 20 रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा मिळतो, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख रुपये. तो सगळ्यांनी काढावा, माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाचा मी बघून घेतो. तरी बऱ्या होणाऱ्या मोडक्या मांडीला त्यातून काही मिळत नाही, आणि बुडालेल्या रोजाला तर नाहीच. म्हणून मी माझ्या हजेरीपुस्तकात रोज प्रत्येकाचं नाव, काम आणि जागा लिहितो आणि सही घेतो. मामांना सुरुवातीला ते सरकारी वाटायचं. आता तेच विचारतात, “सर, आजचं लिवलं काय?”

शेवटी हे सगळं पैशांपाशी येऊन थांबतं. मोजणीच्या अंदाजपत्रकात मशीनचं भाडं असतं, गाडीचं डिझेल असतं, दोन हेल्परांचा रोज असतो. रस्त्याकडं बघत उभा राहणारा माणूस कुठल्याच रकान्यात नसतो. त्याचं काम दिसत नाही. दिवस नीट गेला तर त्यानं काहीच केलेलं नसतं. मालकाला वाटतं हा माणूस फुकट उभा आहे. पण तो रकान्यात नाही म्हणूनच ऐन वेळी त्याला नकाशा धरायला, खुंट्या आणायला लावतात, आणि रस्त्याकडं पाठ होते. जे काम कागदावर नाही ते रस्त्यावर टिकत नाही. सर्वेअरच्या प्रशिक्षणात साखळी, ट्रॅव्हर्स, समतलन, क्षेत्रफळ, सगळं शिकवलं जातं. वाहत्या रस्त्यावर पथक कसं उभं करायचं याचा एक अख्खा दिवस मी तरी कुठं पाहिलेला नाही. तो असावा. आणि सरकारी दरसूचीत या माणसाची वेगळी ओळ असावी, म्हणजे ती मागायला कुणालाच संकोच वाटणार नाही.

तोवर मी माझ्या अंदाजपत्रकात ती स्वतंत्र ओळीत घालतो: रस्त्यावर लक्ष ठेवणारा, एक. दुभाजक असेल तर दोन. बरेचजण काही न बोलता मान्य करतात. काहीजण पेन काढून त्या ओळीवर आडवी रेघ मारतात आणि म्हणतात, एवढ्याला कशाला माणूस, आमचा पोरगा उभा राहील की. मी त्यांना सांगतो, मग आतल्या तीन बाजू मोजून देतो, रस्त्याकडची चौथी राहू दे. बहुतेकांचा दुसऱ्या दिवशी फोन येतो. ज्यांचा येत नाही, त्यांची चौथी बाजू दुसरा कुणीतरी मोजतो, आणि तिथं प्रिझम धरून कुणाला उभं केलंय हे मला कळत नाही.